‘माहीत नाही’ म्हणण्याचे धैर्य

गेल्या महिन्यात पनवेलच्या एका वाचनालयात माझ्या कादंबरीवर गप्पांचा कार्यक्रम झाला. चहा येण्याआधीच्या प्रश्नोत्तरांत कॉलेजातला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने कादंबरी सोडून भलतेच विचारले. नास्तिक आणि अज्ञेयवादी यांत फरक काय? मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे तोवर त्यानेच उत्तर देऊन टाकले. शेजाऱ्यांना घाबरणारा नास्तिक म्हणजे अज्ञेयवादी, असे तो म्हणाला. सभागृह हसले. मीही हसलो. पस्तीस-छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला गिऱ्हाइकाबरोबर हसण्याची सवय असते.

घरी येताना वडाळे तलावाच्या कडेने चाललो होतो. बल्लाळेश्वराच्या देवळात आरती चालली होती. त्या टाळ-घंटांच्या आवाजात वाटू लागले की मी हसायला नको होते. कारण त्या मुलाच्या व्याख्येत मराठी मुलखातला एक माणूस कुठेच बसत नव्हता. तो अज्ञेयवादी होता आणि शेजाऱ्यांना, किंबहुना अख्ख्या पुण्याला, घाबरला नव्हता. गोपाळ गणेश आगरकर. आणि आगरकरांच्या मागे मला आणखी एक चेहरा दिसत होता. त्याच्याविषयी शेवटी सांगतो.

आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856 चा, कराडजवळच्या टेंभू गावचा. आज टेंभू म्हटले की लोकांना कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे नेणारी उपसा सिंचन योजना आठवते. आगरकरांच्या लहानपणी त्या गावात आणि त्यांच्या घरात दारिद्र्याखेरीज फारसे काही नव्हते. शिक्षणासाठी हा मुलगा कराडला गेला, मध्ये कचेरीत उमेदवारी केली, रत्नागिरीपर्यंत जाऊन आला आणि अखेर नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला पोचला. तिथे 1875 साली मॅट्रिक झाला. पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच चढवायचा, ही त्यांची गोष्ट आमच्या पिढीने शाळेत ऐकली आहे. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलगा आता मोठ्या पगाराचा अंमलदार होईल अशी आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचा सगळा वेळ लोकांच्या कामी घालवायचे मी ठरवले आहे, असा त्याचा आशय होता. ज्या आईने पै-पै जोडून मुलाला शिकवले तिने ते पत्र कुणाकडून वाचून घेतले असेल आणि ऐकताना तिचा चेहरा कसा झाला असेल, हा विचार माझ्यातल्या कादंबरीकाराला अजून सोडत नाही.

डेक्कन कॉलेजात 1879 साली त्यांची आणि टिळकांची गाठ पडली. ते वर्ष आम्हां पनवेलकरांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. आमच्या तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके त्याच वर्षी पकडले गेले आणि त्यांचा खटला पुण्यातच चालला. फडके दत्ताचे निस्सीम भक्त. त्यांचे बंड आणि त्यांची उपासना एकमेकांपासून तोडता येत नाहीत. त्याच शहरात, त्याच वर्षी, डेक्कन कॉलेजातले दोन तरुण देशासाठी काय करावे याची रात्र-रात्र चर्चा करत होते. त्यांतला एक पुढे गीतेवर ग्रंथ लिहिणार होता आणि दुसरा देवाला बाजूला ठेवून नीती उभी करता येते का, हे शोधणार होता. देशावर प्रेम करायला एकच श्रद्धा लागते असे नाही, हे त्या एका वर्षाकडे पाहिले तरी पटते.

त्या काळी विलायतेहून येणाऱ्या पुस्तकांत जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर ही दोन नावे आगरकरांच्या मनावर कोरली गेली. मिल 1873 साली वारला आणि धर्मावरचे त्याचे तीन निबंध पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. स्पेन्सरचा मूलतत्त्वांवरचा ग्रंथ 1862 चा. विश्वाच्या मुळाशी जे काही आहे ते मानवी बुद्धीच्या पलीकडचे, म्हणजे अज्ञेय आहे, असे स्पेन्सरने त्यात मांडले होते. अज्ञेयवादी या अर्थाचा इंग्रजी शब्द टॉमस हक्सलेने 1869 साली बनवला. म्हणजे आगरकर कॉलेजात गेले तेव्हा त्या शब्दाला दहा वर्षेही झाली नव्हती. चार्ल्स डार्विननेही 1879 मधल्या एका पत्रात स्वतःसाठी हाच शब्द वापरला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे नास्तिक या शब्दाचा मूळ अर्थ देव न मानणारा असा नव्हताच. वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. म्हणून जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले. जगाचा कर्ता ईश्वर मानण्याची गरज न वाटणारे सांख्य आणि पूर्वमीमांसक मात्र वेद मानतात म्हणून आस्तिकांच्या पंगतीत बसले. इंग्रजी शिक्षण आल्यावर नास्तिक म्हणजे ईश्वर नाकारणारा हा अर्थ रूढ झाला. ईश्वर आहे का, या प्रश्नाला नाही असे उत्तर देतो तो नास्तिक. अज्ञेयवाद्याचे उत्तर वेगळ्या प्रश्नाचे असते. हे आपल्याला कळू शकते का, आणि कळले असे म्हणायला पुरावा कोणता, हा तो प्रश्न. पहिला प्रश्न अस्तित्वाचा, दुसरा ज्ञानाचा. त्यातही एक पोटभेद आहे. अज्ञात म्हणजे आज ठाऊक नाही ते. अज्ञेय म्हणजे कधीच ठाऊक होऊ शकणार नाही ते. स्पेन्सरचा भर दुसऱ्यावर होता. हक्सलेचे म्हणणे अधिक साधे होते. ज्याचा पुरावा नाही ते खात्रीने सांगू नका, मग ते होकारार्थी असो वा नकारार्थी.

हा विचार काही फक्त साहेबाचा नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्ताचा शेवट सृष्टीचे मूळ कुणाला ठाऊक असेल का, या शंकेवरच होतो. बुद्धाने काही प्रश्नांची उत्तरे द्यायचे साफ नाकारले. त्याच्याच काळातला संजय बेलट्ठपुत्त तर परलोकाविषयी होय म्हणायला तयार नव्हता आणि नाही म्हणायलाही. आपल्याकडे हे सगळे होते. फक्त त्यावर घडी-चौकट मांडून पूजा सुरू झाल्यावर शंका विचारणारा घराबाहेर उभा राहिला.

आगरकर 1881 साली न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळासंबंधी छापलेल्या मजकुरावरून दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. 1882 साली आगरकर आणि टिळक दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतले 101 दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पुढच्याच वर्षी त्यांचे हॅम्लेटचे भाषांतर ‘विकारविलसित’ आले. 1884 ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 ला फर्ग्युसन कॉलेज. त्यानंतर मित्रांत फूट पडली. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, हा वाद वाढत गेला आणि 1887 साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. 1888 च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘सुधारक’ काढले. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत.

सुधारक म्हणवणारी माणसे त्या वेळी महाराष्ट्रात कमी नव्हती. पण त्यांच्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. रानडे आणि भांडारकर प्रार्थना समाजाचे. त्यांची ईश्वरावर गाढ श्रद्धा. रूढी बदलायची तर तिला शास्त्रात आधार सापडतो का, हे रानडे आधी पाहत. जोतीराव फुल्यांनी भटशाहीवर घाव घातले, पण जगाच्या निर्मात्याला त्यांनी निर्मीक हे नाव देऊन आपल्या सत्यधर्मात मानाचे स्थान दिले. आगरकर एकटे असे की ज्यांनी विधवेच्या केशवपनाचा, बालविवाहाचा, मुलींच्या शाळेचा प्रश्न सोडवताना देवाला साक्षीला बोलावले नाही आणि शास्त्रालाही विचारले नाही. एखादी चाल माणसांना सुख देते की दुःख, एवढेच ते विचारत. आधी बुद्धीला पटले पाहिजे, शास्त्राचा आधार सापडला तर ठीक, नाही सापडला तरी अडत नाही. मुलगे-मुली एकत्र शिकावेत, हे त्यांनी त्या काळात लिहिले. 1891 साली संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली, तेव्हा ते कायद्याच्या बाजूने उभे होते आणि टिळक विरोधात.

देवाविषयी ते काय म्हणत? ‘देवतोत्पत्ति’ या लेखात त्यांनी देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उगवल्या असतील याची मांडणी केली. भीती, स्वप्ने, मेलेल्या पूर्वजांविषयीची समजूत, निसर्गाचा दरारा, यांतून देव आले असतील असे त्यांचे म्हणणे. इथे कुणी म्हणेल, मग हा नास्तिकच झाला. पण जरा थांबून पाहा. माणसांनी मानलेले देव कसे तयार झाले, हे सांगणे वेगळे आणि विश्वाचे मूळ मला कळले, असे सांगणे वेगळे. पहिल्याविषयी आगरकर ठाम होते, कारण तिथे विचाराला धरायला काही हाती लागत होते. दुसऱ्यापाशी येताच ते थांबत. जगाचे आदिकारण आपल्या बुद्धीच्या आवाक्याबाहेरचे आहे, या मताकडे त्यांचा कल होता. आणि त्या न कळलेल्या कारणाच्या नावाने कुणी सोवळे सांगू लागला, विधवेच्या डोक्यावर वस्तरा चालवू लागला, तर ते खवळून उठत. तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही, मग हुकूम कशाच्या जोरावर देता, असा त्यांचा एकूण रोख होता.

यात भित्रेपणा कुठे आहे? उलट गंमत अशी की त्या काळचे विलायतेतले सर्वांत गाजलेले नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ यांचेही म्हणणे देव नाही असे छातीठोक नव्हते. देव या शब्दाने माझ्या मनात कसलीच स्पष्ट कल्पना उभी राहत नाही, तेव्हा मी नाकारू तरी काय, असे ते म्हणत. 1880 साली निवडून येऊनही शपथेच्या वादापायी त्यांना पार्लमेंटात बसायला 1886 उजाडले. 1889 च्या मुंबईच्या काँग्रेसला ते पाहुणे म्हणून आले होते. पुढे बर्ट्रांड रसेल म्हणाले की तत्त्वज्ञांपुढे मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणेन आणि रस्त्यावरच्या माणसापुढे नास्तिक. म्हणजे दोघांच्या मधली भिंत वाटते तितकी जाड नाही. फरक आहे तो कशाविषयी किती खात्रीने बोलायचे, याचा.

आणि किंमत म्हणाल तर आगरकरांनी ती पुरेपूर मोजली. पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. प्रतिमेची तिरडी बांधली आणि त्यांच्या घरावरून नेली. स्वतःचे प्रेत आपल्याच दारावरून जाताना पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. दम्याने पोखरलेला तो माणूस त्यानंतरही दर आठवड्याला ‘सुधारक’ लिहीतच राहिला. आपट्यांच्या मृत्यूनंतर 1892 साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि 17 जून 1895 रोजी गेले. एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मतभेदांनी दुरावलेल्या टिळकांना मृत्युलेख लिहिताना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. आणखीही एक गोष्ट सांगितली जाते. आपल्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून वेगळे ठेवले होते. मागे पत्नीला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. कॉलेजच्या प्राचार्यांची ही शिल्लक.

पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. साऱ्या महाराष्ट्राला बुद्धिप्रामाण्य शिकवणाऱ्या या माणसाने घरात मात्र बायकोच्या देवघरावर जप्ती आणली नाही. काहींना ही विसंगती वाटते. मलाही तरुणपणी तशीच वाटे. आज वाटत नाही. जो स्वतःला सर्वज्ञ समजत नाही तो दुसऱ्यावर आपले मत लादायलाही कचरतो. विधवेचे केस कापणे हा अन्याय, तिथे गप्प बसायचे नाही. बायकोने तुळशीला पाणी घालणे हा अन्याय नव्हे, तिथे बोलायचे नाही. ही सीमारेषा आगरकरांना दिसत होती.

मला ती दिसायला फार उशीर लागला.

बँकेत आम्ही हाताने लेजर लिहीत होतो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी जमा आणि नावे जुळेपर्यंत कुणी घरी जायचे नाही. कधी एखादी रक्कम आलेली असे, पण ती कुणाची हे कळत नसे. व्हाउचरवर नाव नाही, नंबर चुकलेला. नवशिक्या कारकुनाला मोह व्हायचा की टाकून द्यावी कुणाच्या तरी नावावर आणि शेवटची गाडी गाठावी. दुसरा म्हणे, ही रक्कम आलीच नाही असे धरू. आमचे जुने हेडक्लार्क दोघांनाही थांबवत. ती रक्कम सस्पेन्स खात्यात जायची. जुन्या मराठी जमाखर्चात त्याला उचंत खाते म्हणत. कुणाचे आहे ते ठाऊक नाही, असे शाईने लिहून ठेवायचे आणि खाली सही करायची. त्या सहीला धैर्य लागते, कारण उद्या तपासनीस तुम्हालाच विचारतो. आस्तिक ती नोंद देवाच्या खात्यात जमा करतो, नास्तिक खोडून टाकतो, अज्ञेयवादी ती उचंत खात्यात ठेवतो. दृष्टान्त पुरा जुळत नाही हे मान्य. बँकेतले उचंत खाते कधी ना कधी मिटवावेच लागते आणि हे मिटेलच असे नाही. पण पुराव्याशिवाय नोंद करायची नाही, हा नियम दोन्हीकडे एकच.

आता तो दुसरा चेहरा. माझे वडील, अण्णा, इथेच शाळामास्तर होते. घरात देव होते, पण ते आईचे. अण्णांनी कधी हात जोडलेले मी पाहिले नाहीत. त्यांच्या कपाटात आगरकरांचे निबंध होते. मी गावभर अभिमानाने सांगत असे की आमचे अण्णा नास्तिक आहेत. 1994 च्या पावसाळ्यात ते गेले. उशाखाली तीन ओळींची चिठ्ठी होती. पहिल्या ओळीत, आपल्यामागे कसलेही विधी करू नयेत. दुसऱ्या ओळीत, मेल्यावर काय होते ते आपल्याला ठाऊक नाही. तिसऱ्या ओळीत, घरच्यांना त्रास होईल असे काही करू नये.

मी पस्तीस वर्षांचा, बँकेत नुकताच ऑफिसर झालेला. पहिली ओळ मी हुकूम म्हणून वाचली, दुसरी वाचलीच नाही आणि तिसरीतला त्रास म्हणजे खर्च असा अर्थ लावला. दहाव्या दिवशी आई म्हणाली की निदान तलावावर एक पिंड ठेवू दे, कावळा शिवला की मला बरे वाटेल. मी नाही म्हणालो. अण्णा नास्तिक होते, त्यांचा अपमान होईल, असे काहीतरी मोठ्या आवाजात बोललो. आई काही बोलली नाही. ती पुन्हा त्या विषयावर कधीच बोलली नाही.

2009 साली आई गेली. त्यानंतर बायकोने सांगितले. दर सर्वपित्री अमावास्येला मी बँकेत गेलो की आई मागच्या परसातल्या भिंतीवर केळीच्या पानावर भात-वरण ठेवायची, आणि कावळा येईपर्यंत दारात उभी राहायची. पंधरा वर्षे. माझ्या घरात, माझ्या चोरून.

ती चिठ्ठी मी तेव्हा पुन्हा काढली. अण्णांनी देव नाही, आत्मा नाही, असे कुठेच लिहिलेले नव्हते. ठाऊक नाही, एवढेच लिहिले होते. त्यांना नास्तिक मी केले होते. आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीच्या जोरावर आईला अडवले तेही मीच, अण्णांनी नव्हे. आगरकरांनी ज्या सनातन्यांशी आयुष्यभर भांडण मांडले त्यांच्यात आणि माझ्यात त्या दहाव्या दिवशी काय फरक होता? तेही दुसऱ्याच्या दुःखापुढे आपली खात्री घेऊन उभे राहत, मीही तसाच उभा होतो. फक्त माझी खात्री उलट्या बाजूची होती.

याचा अर्थ चिकित्सा सोडावी असा नाही. अंधश्रद्धेच्या नावाने लुबाडणूक होते तिथे बोललेच पाहिजे. नरेंद्र दाभोलकरांनी ते काम केले आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. आगरकरांची प्रेतयात्रा निघाली ती प्रतिमेची तरी होती. दाभोलकरही कुणाच्या घरातल्या देवाशी भांडत नव्हते; देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाशी त्यांचा झगडा होता. ती सीमारेषा पुन्हा तीच.

तो कॉलेजातला मुलगा पुन्हा भेटला तर मी त्याला सांगेन की अज्ञेयवादी हा घाबरणारा नास्तिक नव्हे. आगरकरांचे चरित्र वाच. माहीत नाही असे म्हणूनही माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहू शकतो, तुरुंगात जाऊ शकतो, आपली तिरडी पाहू शकतो. आणि माहीत नाही असे मनापासून म्हणणारा माणूस आपल्या आईला पिंड ठेवण्यापासून अडवत नाही.

आता सर्वपित्रीला मागच्या भिंतीवर बायको पान ठेवते. मी शेजारी उभा असतो. ते पान कुणाला पोचते, पोचते की नाही, मला माहीत नाही. कावळा येईपर्यंत मी तिथून हलत नाही, एवढेच.